बाईंचा संशय

बाईंनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो आमच्या पहिल्याच भेटीत, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो त्यांनी अजून मागे घेतलेला नाही. मी भूल देणारा डॉक्टर. महाड, पोलादपूर, मधूनच माणगाव, जिथे कुणाचं ऑपरेशन असेल तिथे पेटी घेऊन जायचं, माणसाला झोपवायचं, उठवायचं आणि पुढच्या गावाला लागायचं. बाईंच्या हॉस्पिटलात पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या पेटीकडे बघितलं. एकेक बाटली उजेडात धरून तारीख वाचली. मग विचारलं, "तू स्वतः कधी भूल घेतली आहेस का?"

मी नाही म्हटलं.

"मग तुला काय माहीत, माणूस खरंच झोपतो की नुसता गप्प पडून राहतो?"

इतकी वर्षं हा धंदा केला, पण या प्रश्नाचं धड उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

बाई बायकांच्या डॉक्टर. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली हॉस्पिटल होतं. अंगानं लहानखुऱ्या, सुती साडी, तिच्यावर पुरुषी मापाचा पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात स्वतःचा थर्मामीटर, कारण नर्सच्या थर्मामीटरवर विश्वास नाही. दुधावर विश्वास नाही, दूधवाल्यावर तर नाहीच. भिंतीवरचं घड्याळ आणि हातातलं घड्याळ जुळलं तर त्या खूश होत नसत, मला वेळ विचारत. मार्चमधे तळ्यावर लांबलांबून माणसं येतात तेव्हा बाई हॉस्पिटलचा खालचा मजला बायकांसाठी उघडा ठेवत, पण पाण्याच्या प्रत्येक पिंपातलं पाणी आधी स्वतः चाखत. पेशंट आंबे आणत, कोकमं आणत, कुणी कोंबडी आणे. बाईंनी त्यातलं कधी तोंडात घातलं नाही. सगळं स्टाफला वाटून टाकत. आम्ही खातोय आणि आम्हाला काही होत नाहीये, हे मात्र लक्ष ठेवून बघत.

त्यांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं: "खात्री झाली की माणूस झोपतो. आणि डॉक्टर झोपला की पेशंट जातो." महाडची बाजारपेठ दुपारी जेवून आडवी होते. बाई कधी आडव्या झाल्या नाहीत. टेकून बसलेल्यासुद्धा मी त्यांना बघितलं नव्हतं. गावात म्हणत, त्यांची थोरली बहीण पोटात दुखून गेली, डॉक्टर शेवटपर्यंत गॅस गॅस म्हणत राहिला. दुसरे म्हणत, बहीण नव्हे, आई. तिसरे म्हणत, असं काही नाही, स्वभावच तसा. मी एकदा विचारायचं धाडस केलं. त्या म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं? आणि त्याला कुणी सांगितलं?" तिथे तो विषय संपला.

पुरात त्यांचं सोनोग्राफीचं जुनं मशीन गेलं. गावातलं कुणाचं काय राहिलं म्हणा. नवीन आलं ते झकास होतं, चित्र लख्ख. बाई त्याच्यापुढे बसल्या, आतली शीर न् शीर दिसत होती, आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "फारच स्पष्ट दाखवतंय. काहीतरी लपवतंय." आम्ही हसलो. तेव्हा आम्ही खूप हसायचो त्यांना.

आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, बाई पोलादपूरला एसटी स्टँडसमोरच्या एका खोलीत पेशंट बघत. तिथे त्या माझ्या गाडीतून येत. माझ्या गाडी चालवण्यावरही त्यांचा विश्वास नव्हताच, पण एसटीच्या ड्रायव्हरला मधे मधे सूचना देता येत नाहीत, मला देता येत.

तिथेच एका दुपारी एक मावशी आल्या. आंबेनळी घाटाच्या अंगाला वर एक वाडी आहे, तिथल्या. बरोबर मुलगा आणि सून. मावशींची पन्नाशी उलटलेली, आणि पोट मात्र दिवस भरल्यासारखं. अर्धं वाक्य बोलायच्या आणि श्वास संपायचा. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणून रात्री भिंतीला टेकून बसायच्या. मुलानं मुंबईच्या हॉस्पिटलची जाडजूड फाईल टेबलावर ठेवली. बाईंनी तिच्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला.

"आधी पोट, मग कागद."

"बाई, मोठ्या हॉस्पिटलचं हाय सगलं," मुलगा म्हणाला. "वाचा तरी."

"वाचते. तू जरा चार चहा सांगून ये."

ही त्यांची जुनी युक्ती. पुरुषाला चहाला पाठवायचं आणि मग पेशंट बाईला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. आधी वाडीत करणीचा संशय निघाला, शेजारणीशी भांडण झालं. मग छातीत पाणी आहे म्हणून कुणीतरी क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. महिने गेले, पाणी वाढतच गेलं. मग मुंबई. तिथे अंडाशयात गाठ सापडली, पोटात पाणी, उजव्या छातीत पाणी, रक्तातली कॅन्सरची खूण वाढलेली. शेवटची पायरी आहे, म्हणाले. औषधं देऊन बघू म्हणाले, पण अंगात ताकद नाही, नाहीतर घरी न्या, सेवा करा. घरच्यांनी घरी आणलं.

"आणि घरी आल्यावर काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"काय करनार बाई? वाटून टाकलं. लुगडी दिली नंदंला. टोप दिला सुनंला." मावशी थांबल्या, श्वास घेतला. "भावानं दिल्याला पितलेचा टोप. वाडीच्या जेवनाचा भात त्यातच हुयाचा."

"वाटायला कुणी सांगितलं?"

"कोन सांगल? सेवा करनारीला काय तरी द्याला नको?"

सून खाली बघत होती. बाई तिच्याकडे वळल्या. "टोपावर नाव कुणाचं आहे?"

"आधी यांचा हुता."

"आणि आता?"

"आता माजा हाय. बाजारात घालून आनला. त्या मानसानं जुना घासून काढलान." आणि मग अगदी हळू, "मी सांगितला नवता घासायला."

आमच्याकडे भांड्याखाली नाव घातल्याशिवाय भांडं घराचं होत नाही. दुसऱ्याचं नाव घातलं की ते मेलेल्याचं तरी असतं नाहीतर विकलेलं. बाईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं की सुनेवर संशय बसला.

मग त्यांनी मावशींना तपासलं. या कुशीवर वळवून, त्या कुशीवर वळवून पोटावर बोटं वाजवली. डोळे मिटून, बोटांचा एकदम झटका देऊन पाणी बाजूला सारत आतली गाठ चाचपली. किती वेळ चाललं होतं कोण जाणे, मुलानं आणलेले चहा निवून गेले. मग डबा बाजूला करून त्यांनी फाईल वाचली, मागून पुढे.

परत येताना त्या गाडीत बोलल्या. "तिचे दंड बघितलेस? मनगटं? कॅन्सर इतका पसरला असता तर मांस राहिलं नसतं. भूक आहे तिला, पोटाच्या दाबानं खाता येत नाही एवढंच. गाठ दगडासारखी टणक आहे, पण सुटी आहे. दाबली की जाते, पुन्हा येते. छातीतलं पाणी तपासलंय, पोटातलं तपासलंय, कॅन्सरची पेशी एकाही पाण्यात नाही. आणि रक्तातली ती खूण काय, पोटात पाणी झालं की कशानंही वाढते. पण कागदावर सगळ्यांची खात्री. मला हे आवडलेलं नाही. पुढे ट्रक आहे."

ट्रक मला दिसत होता. मी विचारलं, "मग काय असेल?"

"सोंग."

आमच्या पुस्तकात या अवस्थेला एका परदेशी डॉक्टरचं नाव आहे. बाई ते घेत नसत, सोंगच म्हणत. अंडाशयाची एक गाठ असते, फार क्वचित दिसणारी. स्वतः निरुपद्रवी. पण ती पोटात पाणी साठवते, ते पाणी वर चढून बहुधा उजव्या छातीत जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं की कॅन्सर सगळीकडे पसरला. गाठ काढली की पाणी आपोआप आटतं. ऐकायला गोष्टीसारखं वाटतं. मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं आणि विसरून गेलो होतो.

"तुम्ही अशी केस बघितलीय?" मी विचारलं.

"एकही नाही. म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस."

नाहीच ठेवला. मला वेगळाच संशय येत होता. उतारवयातल्या डॉक्टरांना एक हाव सुटते, आयुष्यात एकदा तरी पुस्तकातली केस आपल्या हातून व्हावी. त्या हावेपायी माणसं गेलेली मी बघितली आहेत. आणि गेलेला माणूस भुलेच्या टेबलावर जातो, म्हणजे माझ्या हातात. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या इतक्या खूश झालेल्या मी पूर्वी बघितल्या नव्हत्या.

"शाबास. हा संशय रास्त आहे. शेवटपर्यंत ठेव."

खरं तर त्यांनाही ऑपरेशन महाडला करायचं नव्हतं. पुण्याला त्यांच्या ओळखीचे कॅन्सरचे सर्जन होते, त्यांना फोन केला. ते म्हणाले पाठवा. पण घरचे तयार होईनात. मावशींचे एक चुलतदीर, वाडीत ज्यांचा शब्द चालतो असे, ते हॉस्पिटलात येऊन हात जोडून म्हणाले, "बाई, देवाला कौल लावला. डावा पडला. आता न्यायची नाय."

कौल म्हणजे गुरव ग्रामदेवाच्या अंगावर कळ्या लावतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मला वाटलं, बाई आता देवावरही संशय घेणार. पण त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि लॅबवाल्याची करावी तशी उलटतपासणी सुरू केली.

"प्रश्न काय विचारलात?"

"हिला न्यावी का, असा."

"कुठे न्यावी?"

"मुंबैला. पुन्यालाही तेच की, घाट चढून लांबच."

"पुण्याचं नाव घेतलंत देवापुढे?"

"नाय. मुंबैच बोललो."

"महाडचं?"

चुलतदिरांनी जोडलेले हात खाली घेतले.

"म्हणजे देव मुंबईला नाही म्हणालाय," बाई म्हणाल्या. "ज्याबद्दल विचारलंच नाही त्याला तो कशाला नाही म्हणेल? नीट विचारून या. नाव घेऊन विचारा. आणि एका वेळी एकच प्रश्न."

दोन दिवसांनी निरोप आला. पुण्याला डावा, महाडला उजवा. मी म्हटलं, बघा, देव तुमच्या बाजूनं आहे. बाईंच्या कपाळाला आठी. "लगेच उजवा? गुरवाला लांबचा प्रवास नको असेल."

मग मी माझ्या अटी घातल्या. छातीतलं पाणी आदल्या दिवशी सुई घालून सावकाश काढायचं. रक्ताच्या पिशव्या आधी आणून ठेवायच्या. एक फिजिशियन शेजारी उभा पाहिजे आणि दारात ऑक्सिजनवाली अँब्युलन्स. आणि पोट उघडल्यावर पसरलेलं दिसलं तर नुसता तुकडा घेऊन पोट बंद करायचं, शौर्य नको. बाईंनी सगळ्या मान्य केल्या. घरच्यांना बसवून त्यांनी जे सांगितलं तेही मला आवडलं. म्हणाल्या, "मुंबईवाले चुकले असं मी म्हणत नाही. मी चुकले असण्याचा संभव जास्त आहे. पण गाठ बघितल्याशिवाय ही बाई मरू नये." मुलगा रडला. सून रडली नाही, तिनं विचारलं, "बरोबर कोन ऱ्हायाचा? मी ऱ्हाईन." बाईंनी माझ्याकडे बघितलं. टोप मिळालेली सून टोपाच्या मालकिणीची सेवा करायला राहते, यातही त्यांना काहीतरी खुपलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी मावशींना आडवं करता येईना. टेबलाची डोकं टेकायची बाजू उंच करून मी त्यांना टेकवून बसवलं आणि तोंडाशी ऑक्सिजन धरला. त्यांनी मास्क बाजूला केला.

"डागतर, मी उठले नाय तर टोप सुनंकडंच ऱ्हाऊ द्या."

"उठणार तुम्ही, मावशी."

"आनि उठले तर..."

पुढे श्वास पुरला नाही. मी औषध सोडलं. माणसाला झोपवताना मला एरवी काही वाटत नाही, रोजचंच आहे. त्या दिवशी मला भीती वाटली, आणि ती मी बाईंना डोळ्यांनी सांगितली. त्यांनी मान हलवली.

पोट उघडलं तसं पाणी आलं, पिवळसर, स्वच्छ. ते खेचून घ्यायला बराच वेळ लागला. सगळं पाणी एकदम काढलं तर रक्तदाब कोसळतो, म्हणून मी सारखा "सावकाश, बाई" म्हणत होतो आणि त्या "कळतं मला" म्हणत होत्या. मग गाठ वर आली. पांढरी, गुळगुळीत, सोललेल्या नारळाएवढी, कशालाही न चिकटलेली. बाईंनी ती न फोडता अख्खी काढली. वयाचा विचार करून दुसरं अंडाशय आणि गर्भाची पिशवीही काढली. मग त्यांनी जे सुरू केलं त्याला मी झडतीच म्हणेन. यकृतावरून हात फिरवला, छाती-पोटामधल्या पडद्याखालून फिरवला, आतडं वीत वीत करून पुढे सरकवत तपासलं, चरबीचा पदर उजेडात धरून बघितला, त्याचा तुकडा घेतला. एक दाणा सापडला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"बाई, आता शिवा," मी म्हटलं.

"थांब. काहीच नाही हे मला पटत नाही."

"काहीच नाही म्हणजे तुमचं बरोबर आहे."

"म्हणूनच पटत नाही."

शेवटी शिवलं. मावशी जाग्या झाल्या तेव्हा सून पायाशी उभी होती. मावशींनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा डोळे मिटले. पण श्वास लांब आला, पोटापर्यंत गेला. तो श्वास बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात छातीतलं पाणी ओसरत गेलं. गाठीचा रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. हॉस्पिटलात पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला नाही, गाठीचे काप लावलेल्या काचा पुण्याच्या लॅबला पाठवल्या. तिथूनही तेच आलं. "दोन साक्षीदार एकच बोलतात तेव्हा आधी ते भेटलेत का ते बघावं," त्या म्हणाल्या. मी वैतागून म्हटलं, "मग तुमची खात्री होणार तरी कशानं?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "टोप परत मिळतो का बघू."

मला वाटलं विनोद करतायत. पण त्या दर महिन्याला मावशींना तपासायला बोलवत, पोट बघत, छाती ऐकत, सोनोग्राफी करत, आणि शेवटी साडीचा पदर नीट करता करता विचारत, "टोप?"

"सुनंकडं हाय."

"मागितलात?"

"दिल्याली वस्तू कशी मागू, बाई?"

नणंदेनं लुगडी परत केली होती. शेजारीण बोलायला लागली होती. मावशी चुलीपाशी बसत होत्या, शेतावर जात होत्या. टोप मात्र नाही. मावशी बाहेर गेल्या की बाई मला म्हणत, "घरात कुणाला तरी अजून वाटतंय की ही जाणार. हिच्याबरोबर रोज एका घरात राहणाऱ्या माणसाला वाटतंय. त्याला काय दिसतंय जे मला दिसत नाही?" आणि पुढच्या वेळी त्या आणखी बारकाईनं तपासत. मी म्हटलं, सून लोभी आहे, इतकं साधं आहे. "असेल," बाई म्हणाल्या. "पण साध्या गोष्टीवर माझा विश्वास नाही."

मग एका महिन्यात मावशी ठरल्या दिवशी आल्याच नाहीत. बाईंचं दिवसभर कशात लक्ष नव्हतं. फोन लागत नव्हता, वर वाडीत तो लागतोच कधी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलात होतो आणि दारात रिक्षा थांबली. मावशी उतरल्या. हातात केवढा तरी टोप, वर फडकं बांधलेलं. पोलादपूरहून एसटीनं तो घेऊन आलेल्या, स्टँडवरून रिक्षा केलेली. पण पायऱ्या चढताना टोप त्यांनी कुणाला धरू दिला नाही, आणि वर आल्यावर दमही लागला नव्हता. मागून सून.

"काल येनार हुते," मावशी म्हणाल्या. "पन वाल भिजवल्याले, मोड आले नवते. सगल्यांसाटी बिरडं केलंय. भातही हाय पिशवीत."

फडकं सोडलं. वालाच्या बिरड्याचा वास सगळ्या मजल्यावर गेला. बाई खुर्चीतून उठल्या, टोपाभोवती एक फेरी मारली.

"हा तोच कशावरून?"

"म्हंजे?"

"रिकामा करा. पालथा घाला."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. पण बाईंपुढे कुणाचं चालतं. नर्सनं स्वयंपाकघरातली होती नव्हती ती पातेली आणली, बिरडं त्यांत ओतलं. मावशींनी टोप पालथा घातला. बाईंनी चष्मा लावला, वाकल्या, बोटानं पितळ चाचपलं. मीही वाकून बघितलं. एका जागी घासल्याची खूण होती. तिच्यावर सुनेचं नाव. आणि त्याच्या वर, किनारीपाशी उरलेल्या जागेत, मावशींचं नाव, नवंकोरं, अजून चकचकीत.

"हे कधी घातलं?" बाईंनी विचारलं, मावशींना नाही, सुनेला.

"आठवडा झाला. म्हाडच्या बाजारातूनच."

"इतके महिने का नाही?"

सून पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "घासल्याला टोप कसा देऊ? बऱ्या झाल्या ह्येच खोटं ठरलं असतं तर? घातल्यालं नाव परत घासायची येल आली असती बाई. म्हनून ठेवला. रोज बघत हुते त्यांना. आता त्या माज्याशी भांडतात. पयल्यासारख्या. मंग माजी खातरी झाली."

"आणि तुझं नाव खोडलं नाहीस?"

"त्यांनी नको सांगितलान."

"ऱ्हाऊ दे की," मावशी म्हणाल्या. "माज्या मागं तिचाच हाय. पन मागं."

बाई सरळ झाल्या. त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, ओझरता, कुणाला दिसू नये असा. मग नर्सला म्हणाल्या, "मला ताट वाढ."

नर्स जागची हलली नाही. तिला ऐकू आलं होतं, पण पटलं नव्हतं. बाईंनी स्वतःच ताट घेतलं, भात घेतला, त्यावर बिरडं घेतलं आणि तपासायच्या टेबलाशी बसून जेवल्या. मावशी समोर उभ्या राहून बघत होत्या. "मीठ कमी आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा वाढून घेतलं. मी चाखून बघितलं होतं, मीठ बरोबर होतं. मग त्या मावशींना म्हणाल्या, "आता दर महिन्याला नको. वर्षानं ये." मावशी आणि सून रिकामा टोप दोन्हीकडून धरून जिना उतरल्या.

हात धुऊन बाई खुर्चीत बसल्या. मी माझी पेटी आवरत होतो. काहीतरी विचारायला वळलो तर त्यांची मान खुर्चीच्या पाठीला टेकलेली, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड किंचित उघडं. मी जवळ जाऊन श्वास बघितला, सवयीनं. सावकाश, लांब. खरंच झोपल्या होत्या, नुसत्या गप्प नव्हत्या, एवढं मला कळतं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, पंखा कमी केला आणि दार ओढून घेतलं.

बाहेर बाकावर पेशंट बसले होते. मी त्यांना सांगितलं, बाई आत पेशंट तपासतायत, जरा वेळ लागेल. आतून घोरणं ऐकू येत होतं, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही. पण उठून कुणी गेलं नाही.